तिसऱ्या दिवशी पायाशी येऊन बसतो तेव्हा

घरची माणसं गावाला गेली की त्यांच्या घरी राहून कुत्री-मांजरं सांभाळायची, हे आमचं पुण्यातलं काम. बोर्डिंग वेगळं. तिथे जनावराला आपली जागा सोडून परक्या जागी जावं लागतं. सिटिंगमध्ये ते आपल्याच घरात असतं आणि परके आम्ही असतो. घर त्याचं, वास त्याचे, सोफ्यावर पडून पडून झालेला खळगाही त्याचाच. म्हणून या कामात जी सोबत मिळते ती पहिल्या दिवशी मागून मिळत नाही. बहुतेक कुत्री ती तिसऱ्या दिवसाच्या आसपास देतात, मांजरं आपल्या मर्जीने. तोवर करायची कामं पुष्कळ असतात, आणि ती वेळच्या वेळी झाली तरच तो तिसरा दिवस उजाडतो.

पहिली भेट आम्ही घरची मंडळी निघायच्या आठ-दहा दिवस आधी ठेवतो. कुत्रा असेल तर आधी बिल्डिंगच्या खाली भेटायचं, घरच्यांसोबत दहा मिनिटं शेजारून चालायचं आणि मग सगळ्यांनी मिळून वर जायचं. बेल वाजवून थेट आत शिरलेला अनोळखी माणूस आणि आपल्या माणसांबरोबर फिरून वर आलेला माणूस, यांत कुत्र्याच्या लेखी फार फरक असतो. वर गेल्यावर जमिनीवर बसायचं, तेही जरा तिरकं, नजरेला नजर न भिडवता. डोक्यावरून हात नेऊन थोपटायचं नाही. हात मांडीपाशी सैल सोडून त्याला वास घेऊ द्यायचा. तो अंगाला टेकला तर छातीवर तीन-चार सेकंद खाजवून हात काढून घ्यायचा. पुन्हा जवळ सरकला तर त्याला हवं आहे. ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली, तर आजच्यापुरतं थांबायचं.

मांजर पहिल्या भेटीत बऱ्याचदा दिसतच नाही. त्याला हुडकायला जाऊ नये. पलंगाखाली डोळे चमकले की लांब बसून आपले डोळे हळूच अर्धे मिटायचे, क्षणभर बंद ठेवायचे आणि तितकेच हळू उघडायचे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे नीट तपासून पाहिलं होतं. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही तसेच डोळे मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हातापाशी जास्त सहज येतात, असं त्यांना आढळलं. आम्ही पहिल्या भेटीत एवढंच करतो आणि उठतो. मांजराने चालत यायचं, आपण त्याच्याकडे चालत जायचं नाही.

यानंतर कागद. आमची माहितीची वही दोन पानांची आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ एका शब्दावरून होतो : वाटी. ‘सकाळी दोन वाट्या, संध्याकाळी दोन’ असं लिहिलेलं असतं. पण घरातल्या मावशी सपाट वाटी घालतात, काका शिगोशीग, आणि आम्ही तिसरीच वाटी उचलतो. आठ दिवस रोज थोडं जास्त पडलं तर लॅब्रेडोर आनंदाने खातो, आणि मग पातळ शी सुरू होते. आता आम्ही स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा सोबत नेतो, भेटीच्या दिवशीच घरच्यांच्या हातची वाटी मोजतो आणि वहीत ग्रॅम लिहितो. घरचं खाणं असेल तर भात-चिकन नक्की कसं शिजवतात, मीठ-हळद घालतात का, दही देतात का, हेही विचारतो. कुठलंही नवीन खाणं आमच्या मुक्कामात सुरू करायचं नाही. ते कितीही चांगलं असलं तरी नाही.

वहीतलं औषधांचं पान घरच्यांसमोर बसून भरतो, आणि पहिला डोस त्यांच्यादेखत आम्ही आमच्या हाताने देऊन बघतो. कुत्र्याची गोळी चीजच्या तुकड्यात किंवा उकडलेल्या चिकनमध्ये जाते. आधी एक रिकामा तुकडा, मग गोळीचा, आणि लगेच तिसरा हातात दाखवायचा, म्हणजे दुसरा चावायचं राहून जातं. मांजराचं तसं नाही. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी मांजराला कोरडी दिली तर ती अन्ननलिकेत अडकून आतून जखम करू शकते. म्हणून गोळीमागोमाग सुई नसलेल्या सिरिंजने साधारण ५ मिलि पाणी गालाच्या बाजूने, थांबत थांबत पाजायचं.

मधुमेही कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही तीनदा तपासतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन ताकदींच्या मिळतात, आणि सिरिंजही दोन तऱ्हेच्या : ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली केशरी. १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लावली तर डोस अडीचपट जातो. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज दिसल्या तर नको असलेल्या त्याच दिवशी घरच्यांकडे परत देतो. इन्सुलिन खाण्यानंतर द्यायचं. त्याने खाल्लंच नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. साखर उतरून अंग थरथरायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखान्यात निघायचं. मधाची छोटी बाटली आमच्या पिशवीत कायम असते.

डॉक्टरांसाठी घरच्यांच्या सहीचं एक पत्र घेतोच. त्यात घरच्यांनी लिहिलेलं असतं : ‘आमच्या गैरहजेरीत यांनी जनावराला आणलं तर उपचार करावेत, अमुक रकमेपर्यंत विचारायची गरज नाही, भूल द्यायची वेळ आली तर या नंबरवर फोन.’ रात्री दोन वाजता विमानात असलेल्या माणसाचा फोन लागत नाही, तेव्हा हे पत्रच कामाला येतं. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता, शेजाऱ्यांकडे ठेवलेली दुसरी किल्ली आणि सोसायटीच्या गेटवर आमच्या नावाची नोंद, एवढं झालं की कागदाचं काम संपलं. लिफ्टवरून मात्र कुणी ना कुणी अडवतंच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही. आम्ही त्यांची प्रत फोनमध्ये ठेवतो. पण बाहेर काढायची वेळ क्वचितच येते. कुत्र्याला कोपऱ्यात बसवून आजींना आधी जाऊ दिलं की बहुतेक प्रश्न मिटतात.

पहिली रात्र जड जाते, आणि तिला कुणाचा इलाज नाही. मंडळी बॅगा घेऊन गेली की कुत्रा दारापाशी बसतो. लिफ्टचा आवाज आला की कान उभे, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की कान खाली. त्याला तिथून ओढून आणू नये. त्याचं अंथरूण दारापासून दोन हातांवर सरकवावं, त्यात घरच्यांचा न धुतलेला एखादा टी-शर्ट ठेवावा, आणि आपण नजरेच्या टप्प्यात काहीतरी निवांत करत बसावं. भाजी निवडणं उत्तम. हात चालू असतात, लक्ष त्याच्यावर नसतं, आणि त्याला आपल्याला निरखायला वेळ मिळतो. जेवण नेहमीच्या वेळी ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलायचं. हाताने भरवायला लागलं की दुसऱ्या दिवसापासून तो ताटलीकडे बघतच नाही. धडधाकट मोठा कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तरी पाणी पीत असेल तर घाबरायचं कारण नसतं. मांजराचं गणित निराळं. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस खाल्ल्यावाचून राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून मांजराने चोवीस तास काही खाल्लं नाही की आम्ही डॉक्टरांना कळवतो, वाट बघत नाही.

घरच्यांचे व्हिडिओ कॉल पहिले दोन दिवस टाळायला सांगतो. आवाज येतो आणि वास येत नाही, याने काही कुत्री घरभर शोधत सुटतात आणि मग रात्रभर येरझाऱ्या घालतात. फोटो हवे तेवढे पाठवतो.

दुसरा दिवस वेळापत्रकाचा. साडेसहाला फिरणं म्हणजे साडेसहाला, साडेआठला जेवण म्हणजे साडेआठला. नेहमीचाच रस्ता, नेहमीचंच झाड. संध्याकाळच्या फेरीपर्यंत कुत्र्याला एवढं कळलेलं असतं की हा माणूस नवा असला तरी दिवस जुनाच आहे. मग तिसऱ्या दिवशी, बहुतेक रात्रीच्या जेवणानंतर, तो दारापासचं अंथरूण सोडून येतो. आधी खोलीच्या उंबऱ्यात उभा राहतो. मग दोन पावलं. मग गिरकी घेऊन, धप्पकन, आपल्या पावलावर कूस टेकून बसतो आणि नाकातून एक लांब सुस्कारा सोडतो. तीस किलोचा कुत्रा असला की पाऊल पाच मिनिटांत मुंग्या येऊन बधिर होतं, तरी कुणी ते काढून घेत नाही.

या क्षणामागे शरीरात काय चालतं, त्याचाही थोडा अभ्यास झाला आहे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरातलं ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करतं तेच हे संप्रेरक. तो अभ्यास मालकांचा होता, आमच्यासारख्यांचा नव्हता. पण परक्या घरात, परक्या पंख्याच्या आवाजात रात्र काढणाऱ्या माणसाला त्या नजरेने काय मिळतं, ते ज्याने हे काम केलं आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात गेलं की मागे नखांची टकटक येते. अंघोळीला गेलं की दाराच्या फटीतून नाक आत येतं. दिवसभरात माणसाशी एक शब्द बोलणं झालेलं नसलं तरी एकटं वाटत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यांची सोबत आम्हाला सगळ्यात प्रिय. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याचे श्वास रोज रात्री मोजायचे असतात. तो गाढ झोपला की शेजारी बसायचं, दिवा मंद करायचा, आणि घड्याळ लावून ३० सेकंदांत पोट किती वेळा वर येतं ते मोजून दुप्पट करायची. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. एक-दोन तासांनी पुन्हा मोजूनही त्याच्या वर राहिलं तर त्याच रात्री डॉक्टरांना फोन, कारण फुप्फुसात पाणी भरू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. मधेच स्वप्नात पंजे हलतात, ओठ फुरफुरतात, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. वहीत २२, २४, २२ असे आकडे ओळीने पडत जातात. त्या अर्ध्या तासात आपलाही श्वास सावकाश झालेला असतो, हे नंतर लक्षात येतं.

आता काय बिघडतं, ते. सगळ्यात मोठी भीती कुत्रा निसटण्याची, आणि तो निसटतो तो पहिल्या दोन दिवसांत, दारातून किंवा पट्ट्यातून. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, मान खाली घालतो आणि सैल पट्टा कानांवरून निघून येतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही, एवढा तो घट्ट असावा. आम्ही पहिला आठवडाभर दोन लीश, म्हणजे हातात धरायच्या दोऱ्या, वापरतो, एक गळ्यातल्या पट्ट्याला आणि एक छातीभोवतीच्या हार्नेसला. कुरिअरवाला आला की आधी कुत्रा खोलीत, मग दार. निसटलाच तर मागे धावायचं नाही, धावलं की तो आणखी पळतो. खाली बसायचं, खाऊच्या डब्याचा ओळखीचा आवाज करायचा, आणि घराचं दार उघडं ठेवायला शेजाऱ्यांना सांगायचं.

मांजरांच्या घरी धोका खिडकीचा. बाल्कनीची जाळी दिसायला पक्की असते, पण कोपऱ्यातला हूक निघालेला असतो किंवा कबुतरांनी दोरा सैल केलेला असतो. पहिल्याच दिवशी हात फिरवून प्रत्येक कोपरा बघतो. लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, डबा मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि दिवसातून दोनदा साफ. साफ करताना लघवीचे गोळे मोजतो : सकाळी दोन, संध्याकाळी एक, लिंबाएवढे. हे मोजणं किळसवाणं वाटेल, पण बोक्याचा जीव वाचवायला हेच उपयोगी पडतं. बोका डब्यात वारंवार जाऊन बसतो, कण्हतो, आणि गोळा एकही नाही, म्हणजे लघवीची वाट तुंबली असण्याची शक्यता. यात एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. बद्धकोष्ठ समजून उद्यावर ढकलायचं नाही, तासाभरात दवाखाना.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड. फिरून आलं की कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची, सरळ वर ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. तेल लावणं, काडीने चटका देणं, नखाने चिरडणं, यांतलं काही नको. ताप, खाण्यावरची वासना जाणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, ही गोचीडतापाची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून गरम वाटलं म्हणून ताप म्हणू नये, थर्मामीटर लावावा. घरात मांजरही असेल तर कुत्र्याच्या गोचीड-औषधाचा खोका वाचतो. परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला विषारी ठरतं, आणि ते औषध लावून अजून ओल्या असलेल्या कुत्र्याला अंग घासूनही लागू शकतं.

एप्रिल-मेमध्ये सात वाजायच्या आत फिरून परत. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही ठेवता येणार नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लवकर लागते. तापमान १०४ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, तर साध्या पाण्याने अंग ओलं करून पंख्याखाली धरायचं आणि तसंच गाडीत घालायचं.

दिवाळी हा आमचा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात काळजीचा आठवडा. पाचच्या आत शेवटची फेरी. मग खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. कुत्रा बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली गेला तर ती त्याने निवडलेली जागा आहे, तिथेच पाणी आणि गोधडी द्यायची, ओढून बाहेर काढायचं नाही. जवळ घेतलं की भीती वाढते असं पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. तो येऊन कुशीत घुसला तर खुशाल धरून बसावं. शांत करणारं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर त्याची एक मात्रा दिवाळीच्या आधीच देऊन बघितलेली असावी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिल्यांदा नको. आणि फराळाचे डबे वरच्या फळीवर. लाडवातले बेदाणे, पोह्यांतला कांदा, लसूण, चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, हे सगळं कुत्र्याला विष. खाल्लं गेलं तर किती आणि केव्हा, ते लिहून थेट डॉक्टरांना फोन. मीठ पाजून ओकवायचा घरगुती उपाय करू नये, त्याने वेगळाच घात होतो.

पक्ष्यांचं काम आम्ही थोडं करतो. बजी आणि लव्हबर्डच्या घरात नॉनस्टिक तवा वापरत नाही. तो रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरू शकतो. हिरव्या देशी पोपटासाठी फोन आला तर नाही म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो पाळणंच बेकायदा आहे, आणि हे फोनवरच समजावून सांगतो.

हे काम करणाऱ्याने स्वतःची रेबीजची आगाऊ लस घेतलेली असावी : पहिला दिवस, सातवा, मग एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. तरीही चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. जनावर कितीही लाडकं असो, त्याची पुस्तिका कितीही चोख असो.

मंडळी परतायच्या दिवशी त्याला सकाळी लांब फिरवून आणतो, म्हणजे भेटीच्या धांदलीत तो घसरून पडत नाही. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की त्याला आमच्या आधी कळतं. दहा दिवस पावलावर झोपलेला कुत्रा आमच्या अंगावरून उडी मारून दाराकडे जातो आणि मागे वळून बघत नाही. काम नीट झालं, याची याहून चांगली पावती नाही. मुक्कामात त्याचं मन घट्ट राहिलं, म्हणूनच तो इतक्या मोकळेपणाने धावतो. निरोप लांबवायचा नाही. वही द्यायची, उरलेलं खाणं आणि औषधं मोजून दाखवायची, किल्ली हातात ठेवायची.

पुढच्या घरी मांजर असेल तर मधे आपल्या घरी जाऊन अंघोळ आणि कपडे बदलणं सक्तीचं. पँटच्या पायाला, नेमके तो टेकून बसायचा तिथे, केस चिकटलेले असतात. ब्रशने निघत नाहीत, रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने फिरवला की गोळा होऊन निघतात.